हरवलेली वस्तू आणि बिनतारी टॅग : उपयोग व मर्यादा

शेतीच्या कामात वेळेला किती मोल आहे, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. जमिनीला वापसा आला असता ट्रॅक्टरची किल्ली सापडू नये, वीज येण्याची वेळ झाली असता पंपघराची चावी घरी राहिली की बांधावर पडली हे आठवू नये, अथवा बाजार समितीतून परतताना हिशेबाच्या कागदांची पिशवी एस. टी.त राहून जावी, असे प्रसंग प्रत्येक गावात घडतात. अशा वस्तू शोधण्यास साहाय्य करणाऱ्या लहान बिनतारी चकत्या अलीकडे बाजारात आल्या असून त्यांस 'टॅग' किंवा 'ट्रॅकर' असे म्हणतात. २०२१ साली निघालेल्या 'एअरटॅग' या टॅगचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर व वजन ११ ग्रॅम आहे. इतर टॅगही साधारणपणे असेच हलके असून किल्लीच्या कडीत अडकविता येतात किंवा पिशवीच्या कप्प्यात ठेवता येतात.

तथापि, या टॅगविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. टॅग उपग्रहाशी जोडलेला असतो व तो जगात कोठेही असला तरी आपला ठावठिकाणा कळवितो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. या समजुतीवर विसंबून कोणी शेळीच्या गळ्यात टॅग बांधून निर्धास्त राहिला, तर टॅगची किंमत वाया जाईलच, शिवाय शेळीचा शोध घेण्याचे पहिले मोलाचे तासही हातचे जातील. म्हणून टॅग कसा चालतो हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतः समजून घ्यावे व मग शेतकऱ्यांस समजावून द्यावे.

टॅग काय करतो?

टॅगच्या आत बटनासारखी चपटी बॅटरी, बिनतारी संदेश पाठविणारी एक सूक्ष्म चिप आणि बहुतेक टॅगमध्ये बारीक आवाज करणारा लहानसा कर्णा असतो. सिमकार्ड किंवा उपग्रहाचे संकेत घेणारे यंत्र त्यात नसते. टॅग दर काही सेकंदांनी ब्लूटूथ पद्धतीने एक छोटा संदेश सोडतो. 'अमुक खुणेचा टॅग येथे आहे' एवढाच त्याचा अर्थ. 'येथे' म्हणजे नेमके कोठे, हे स्वतः टॅगलाच ठाऊक नसते.

या संदेशाच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील, म्हणजे सेकंदास सुमारे २४० कोटी आंदोलने होणाऱ्या असतात. अत्यंत कमी वीज वापरणारी ब्लूटूथची पद्धत २०१० साली निश्चित झाली. तिच्यामुळेच एका लहान बॅटरीवर टॅग सुमारे वर्षभर चालू शकतो. परंतु वीज थोडी म्हणजे पल्लाही थोडा. घरात भिंतींच्या आड संदेश साधारणपणे १० ते ३० मीटर पोहोचतो. मोकळ्या रानात त्याहून काहीसा दूर जातो. धातूचा पत्रा या लहरींस अडवितो आणि पाणी त्या शोषून घेते. त्यामुळे लोखंडी पेटीत, ओल्या चाऱ्याखाली किंवा माणसाच्या अंगाआड ठेवलेल्या टॅगची हाक क्षीण होते.

हाक ऐकणारे फोन

टॅगचा ठिकाणा मिळतो तो फोनमुळे. मालकाचा फोन जवळ असेपर्यंत तो टॅगची हाक ऐकत असतो. फोनमध्ये उपग्रहावरून स्वतःचे स्थान जाणण्याची सोय असते. टॅग मागे राहिला की त्याची हाक शेवटची कोठे व केव्हा ऐकू आली, याची नोंद फोनमध्ये दिसते. पिशवी मळ्यातच विसरली असेल, तर पुष्कळदा एवढी नोंद पुरेशी होते.

वस्तू तेथून दुसरीकडे गेली, तर मात्र इतरांच्या फोनांचे साहाय्य लागते. समजा, पिशवी एस. टी.त राहिली व गाडी पुढच्या गावी गेली. तेथील एखाद्या प्रवाशाच्या खिशातील फोनला टॅगची हाक ऐकू येते. तो फोन स्वतःचे स्थान त्या हाकेशी जोडून इंटरनेटद्वारे कंपनीच्या यंत्रणेकडे धाडतो व तेथून ते मालकाच्या फोनवर दिसते. प्रवाशास याचा पत्ताही लागत नाही. ॲपल व गूगल यांच्या जाळ्यांत हे स्थान सांकेतिक लिपीत कुलूपबंद करून पाठविले जाते व ते उघडण्याची किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे असते. शिवाय टॅगची खूणही वारंवार बदलत असते, म्हणजे त्रयस्थास तिच्यावरून कोणाचा माग काढता येऊ नये.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नकाशावर दिसणारे स्थान हे टॅगचे नसून हाक ऐकणाऱ्या फोनचे असते. त्यामुळे काही मीटरांचा फरक पडणे स्वाभाविक आहे. दुसरे असे की, स्थानाबरोबर नोंदीची वेळही पाहावी. सकाळी नऊची नोंद दुपारी तीन वाजता खरी असेलच असे नाही.

जवळ पोहोचल्यावर

वस्तूच्या आसपास पोहोचल्यावर फोनवरून टॅगला आवाज करण्याची आज्ञा देता येते. गवताच्या गंजीत किंवा खोगीरभरतीच्या सामानात पडलेली किल्ली या आवाजावरून सापडते. हाकेचा जोर कमी-अधिक होतो त्यावरूनही अंतराचा अंदाज बांधता येतो. परंतु पत्रा, भिंत व ओलावा यांमुळे तो अंदाज फसू शकतो. काही महागड्या टॅगमध्ये व फोनमध्ये 'अल्ट्रा-वाइडबँड' नावाची आणखी एक पद्धत असते. तिच्यात लहरीस जाऊन येण्यास किती वेळ लागला हे मोजले जाते. बिनतारी लहर एका सेकंदाच्या अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणून या मोजणीवरून अंतर पुष्कळ अचूक मिळते व बाणाने दिशाही दाखविता येते. मात्र त्यासाठी टॅग व फोन या दोहोंत ही सोय असावी लागते.

गर्दी आणि माळरान

जेथे फोन अधिक, तेथे टॅग अधिक उपयोगी, हा या साधनाचा मूळ नियम होय. आषाढी एकादशीस पंढरपुरात, आठवड्याच्या बाजारात, बसस्थानकावर किंवा रेल्वेत टॅगची हाक ऐकणारा कोणी ना कोणी असतोच. उलट घाटमाथ्यावरील कुरणात, नदीच्या खोऱ्यात किंवा वस्तीपासून दूरच्या मळ्यात तासन्‌तास एकही फोन टॅगजवळून जात नाही. अशा ठिकाणी टॅग चालू असूनही मुका ठरतो.

येथे गूगलच्या जाळ्याची एक गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे. हे जाळे एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाले व मे २०२५ मध्ये त्यास 'फाइंड हब' हे नाव मिळाले. अँड्रॉइड ९ व त्यापुढील फोन त्यात भाग घेऊ शकतात. त्यासाठी फोनला पिन, पॅटर्न किंवा तत्सम कुलूप असावे लागते. फोन सहसा 'केवळ वर्दळीच्या ठिकाणी' भाग घेईल असे मूळचेच ठरवून दिलेले असते. एकाहून अधिक फोनांनी टॅग टिपल्यावरच त्याचे स्थान कळवावे, असा याचा हेतू आहे. एकाकी घरातील एकाच फोनवरून तेथील माणसाचा माग लागू नये, म्हणून ही काळजी घेतलेली आहे. परंतु विरळ वस्तीच्या गावात तिच्यामुळेच पुष्कळ हाका वाया जातात.

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सर्व ठिकाणी भाग घ्यावा' असाही पर्याय असतो. एकट्या मालकाने तो निवडून स्वतःचा टॅग सापडत नाही. शेजाऱ्यांच्या फोनांत तो निवडलेला असावा लागतो. म्हणजे हे साधन विकत एकट्याने घ्यावयाचे असले, तरी चालते ते सर्वांच्या सहकार्याने. शेतकरी गटाच्या किंवा दूध संस्थेच्या बैठकीत या पर्यायाचे गुणदोष सांगावेत व ज्यांची इच्छा असेल त्यांनी तो निवडावा. कोणावरही आग्रह करू नये.

जनावरांसाठी काय करावे?

जनावरांच्या बाबतीत तीन निरनिराळ्या वस्तूंची गल्लत होते. पहिली म्हणजे कानातील बारा अंकी बिल्ला. त्यात बॅटरी नसते व तो स्थान सांगत नाही. जनावर कोणते व कोणाचे, हे त्यावरून सिद्ध होते. लसीकरण व विमा यांच्या नोंदींसाठी तो महत्त्वाचा असून सापडलेल्या जनावरावरील हक्क दाखविण्यासही उपयोगी पडतो. दुसरी वस्तू म्हणजे उपग्रहाचे संकेत घेणारा जी. पी. एस. पट्टा. तो स्वतःचे स्थान स्वतः ठरवितो व सिमकार्डाच्या साहाय्याने कळवितो; परंतु त्यास मोबाइलची रेंज लागते, बॅटरी वरचेवर भारावी लागते व खर्चही अधिक येतो. तिसरी वस्तू म्हणजे प्रस्तुतचा टॅग. तो किल्ली, पिशवी, अवजारांची पेटी यांसाठी बनविलेला आहे. चरावयास गेलेल्या जनावराच्या शोधासाठी त्यावर विसंबणे हितावह नाही. शिवाय दुसऱ्या जनावराने टॅग चघळला, तर बॅटरी पोटात जाण्याचा धोका असतो. पैसा मोजकाच असेल, तर आधी कानातील बिल्ला व विमा यांची व्यवस्था करावी.

खरेदी करताना

टॅग आपल्या फोनच्या जाळ्यावर चालतो किंवा नाही, हे प्रथम पाहावे. एअरटॅग ॲपलच्या आयफोनशीच जोडता येतो. अँड्रॉइड फोनवर त्याची मांडणी करता येत नाही. आपल्या खेड्यांत बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन असल्याने गूगलच्या जाळ्यावर चालणारा टॅग सोयीचा ठरतो. केवळ कंपनीच्या नावावर जाऊ नये. २०२४ साली निघालेला 'जिओटॅग एअर' ॲपलच्या जाळ्याशी जोडता येतो, तर त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेला 'जिओटॅग गो' गूगलच्या जाळ्यावर चालतो. नाव जवळपास एकच, जाळी मात्र दोन. काही स्वस्त टॅग कोणत्याच मोठ्या जाळ्याशी जोडलेले नसतात. ते केवळ मालकाच्या फोनजवळ असताना वाजतात. घरातील किल्ली शोधण्यास ते पुरे होतील, एस. टी.त राहिलेली पिशवी त्यांनी सापडणार नाही.

पाळावयाच्या दक्षता

१. अनेक टॅगमध्ये सी. आर. २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी असते. मुलांपासून ती दूर ठेवावी. मुलाने ती गिळली व ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

२. माणसाच्या नकळत त्याच्या सामानात टॅग ठेवणे अयोग्य आहे. दुसऱ्याचा टॅग आपल्याबरोबर फिरत असल्यास तशी सूचना मे २०२४ पासून अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांवर मिळू लागली आहे. अशी सूचना आल्यास, विशेषतः भगिनींनी, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

३. हीच सूचना चोराच्या फोनवरही येते व तो टॅग काढून फेकू शकतो. म्हणून टॅग हा कुलपास पर्याय नव्हे. वस्तू चोरीस गेली असल्यास नकाशावरील ठिकाणी एकट्याने जाऊ नये. पोलिसांकडे तक्रार करून ती नोंद त्यांस दाखवावी.

४. वर्षातून एकदा, शक्यतो खरिपापूर्वी, बॅटरी तपासावी.

बैठकीत करावयाचे प्रात्यक्षिक

कार्यकर्त्यांनी एक टॅग व त्याशी जोडलेला फोन घेऊन बैठकीत पुढील प्रयोग करून दाखवावा. प्रथम टॅग कापडी पिशवीत ठेवून दहा पावलांवरून वाजवावा. मग तोच टॅग झाकण लावलेल्या पत्र्याच्या पेटीत व नंतर ओल्या चाऱ्याच्या भाऱ्यात ठेवून पाहावा. शेवटी टॅग मळ्यात विश्वासू माणसाजवळ ठेवावा, मात्र त्याचा फोन बंद असावा. मालकाने गावात येऊन फोनवर कोणत्या वेळेची नोंद दिसते ते सर्वांस दाखवावे. ती वेळ पुढे सरकत नाही, असे दिसले की टॅगला स्वतःचा ठिकाणा ठाऊक नसतो, ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. मग त्या माणसास फोन चालू करून जाळ्यात भाग घेण्यास सांगावे व थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा नोंद पाहावी. एवढे पाहिल्यावर टॅग घ्यावा की न घ्यावा, व घेतल्यास कोणत्या वस्तूस लावावा, हे ज्याचे त्यास ठरविता येईल.