शोभिवंत मासा कृश होतो तेव्हा

परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गोल्डफिश, गप्पी, मॉली अशा शोभिवंत माशांची पैदास करण्याचा जोडधंदा आता खेड्यांतूनही होऊ लागला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा परसातील घटकांचाही समावेश करण्यात आला. हा धंदा करणाऱ्या कुटुंबांची, तसेच घरी किंवा शाळेत काचपेटी बाळगणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती अशी की मासा दिवसेंदिवस खंगत जातो आणि कारण कळत नाही. खंगलेला मासा गिऱ्हाईक घेत नाही, ही हानी लहानच समजावी. त्याच्या अंगी सांसर्गिक रोग असला, तर सबंध टाकी हातची जाते.

गुरांची अंगकाठी आपण फासळ्या पाहून जोखतो. मासा मात्र वरून पाहावा. निरोगी माशाचे अंग डोक्यामागे भरलेले असून शेपटीकडे निमुळते होत जाते. कृश माशाचे डोके अंगापेक्षा मोठे दिसते, पाठ धारेसारखी होते आणि बाजूने पाहिल्यास पोट खपाटीला गेलेले आढळते. गप्पी हा जेमतेम दोन-तीन वर्षे जगणारा मासा आहे, हेही ध्यानात असावे. म्हाताऱ्या गप्पीचे अंग झडणे हा रोग नव्हे.

यानंतर औषधाच्या दुकानाकडे धाव न घेता, तीन-चार दिवस खाद्य टाकतेवेळी टाकीजवळ उभे राहून पाहावे. मासा खाण्यास येतो, पण इतर मासे त्याला हुसकावून लावतात काय? येतो, घास तोंडात घेतो आणि थुंकतो काय? की पोटभर खाऊनही वाळतच जातो? या तीन गोष्टींची कारणे निराळी आणि उपायही निराळे आहेत. पाहणीसाठी आलेल्या कार्यकर्त्यानेही प्रथम हेच विचारावे.

हुसकावला जाणारा मासा वेगळा काढला म्हणजे बहुधा सुधारतो. टाकीत दाटी असल्यास ती कमी करावी. गप्पीच्या टाकीत नरांची संख्या जास्त झाली, तर ते माद्यांना स्वस्थ खाऊ देत नाहीत. अशा वेळी माद्या निराळ्या ठेवाव्यात.

जो खातच नाही किंवा घास थुंकतो, त्याच्या बाबतीत आधी पाण्याचा संशय घ्यावा. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. शेतात घातलेल्या अमोनियम सल्फेटचे जिवाणूंच्या द्वारे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, तीच क्रिया टाकीच्या गाळणीतही चालते. नव्या टाकीत हे जिवाणू जम धरण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांची संख्या थोडी ठेवणे हाच शहाणपणा होय. गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने खळखळून धुणारे लोक आपल्याच हाताने हे जिवाणू मारतात आणि पुढे मासे का मरतात म्हणून विचारीत येतात. गाळणी टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावी.

अमोनिया तपासण्याचे संच बाजारात मिळतात. प्रमाण शून्याहून अधिक दिसल्यास रोज चौथा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी टाकीतील पाण्याइतकेच उबदार असावे व त्यात क्लोरीन नसावे. विंधन विहिरीच्या ताज्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो, यास्तव ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून व खळबळून मग वापरावे. पत्र्याच्या छपराखालील टाक्यांकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष द्यावे. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसातवर येतो. शिवाय पाणी जितके उष्ण, तितका अमोनिया अधिक जहाल होतो.

आजारी माशासाठी २० लिटरचा स्वच्छ टब पुरे. त्यात हवेचा लहान पंप सोडावा, वर जाळी टाकावी व उजेड मंद ठेवावा. लिटरमागे एक ते दोन ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात पाणी सारखे झिरपत असते आणि ते बाहेर टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते. मिठाने तो भार हलका होतो. मीठ म्हणजे सर्वरोगहर औषध, असा जो समज आहे, तो मात्र खरा नाही.

अशक्त माशापुढे मूठभर खाद्य टाकणे हा उपकार नसून अपकार आहे. गोल्डफिशला जठर नसते. अन्न घशातून थेट आतड्यात उतरते. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे आणि उरलेले लगेच नळीने ओढून काढावे. कोरडे खाद्य भिजवून द्यावे. गोल्डफिशला उकडून साल काढलेला वाटाणा चुरून चालतो. आर्टेमियाची पिले किंवा पाण्यातील पिसवा समोर हलू लागल्या की रुसलेला मासाही तोंड उघडतो. गटारातील ट्युबिफेक्स अळ्या घालू नयेत. त्यांबरोबर रोग येतो. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पुड्यातील खवट खाद्य फेकून द्यावे.

आता राहिला खाऊनही वाळणारा मासा. त्याच्या पोटात बहुधा जंत असतात. गप्पीच्या गुदद्वारातून तांबडे दोऱ्यासारखे टोक बाहेर आलेले दिसले, तर तो कॅमॅलॅनस जातीचा जंत समजावा. शेळ्या-मेंढ्यांना जंतांसाठी दिले जाणारे लेव्हामिसोल येथेही उपयोगी पडते. लिटरमागे २ मिलिग्रॅम या प्रमाणात ते पाण्यात मिसळून मासा २४ तास ठेवतात व दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हीच क्रिया करतात. बाजारातील द्रावणांची तीव्रता वेगवेगळी असल्यामुळे माप पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे. या औषधाने जंत लुळे पडून बाहेर येतात; सर्व मरतातच असे नाही. म्हणून तळाची घाण ओढून काढून पाणी बदलणे अगत्याचे आहे. एका माशास जंत आढळल्यास त्या टाकीतील सर्वच माशांना उपचार करावा.

कारण न कळता प्रतिजैविके पाण्यात ओतू नयेत. त्यांनी गाळणीतील जिवाणूही मरू शकतात.

वाळलेला मासा कण्यात वाकला, अंगावर न भरणारे व्रण पडले आणि एकामागून एक मासे असेच खंगू लागले, तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. यावर खात्रीचा उपाय नाही. त्याचे जंतू माणसाच्या जखमेतून शिरून कातडीवर चिवट गाठी उठवू शकतात, म्हणून हातास चीर वा खरचटलेले असल्यास रबरी हातमोज्यांवाचून त्या टाकीत हात घालू नये. मेलेले मासे खोल पुरावेत. रोगट मासे विहिरीत किंवा ओढ्यात सोडून देण्याची पद्धत तर सर्वस्वी टाळावी.

पाण्याचा किंवा उपासमारीचा दोष असलेला मासा आठवडाभरात खाण्यास धावू लागतो. पाठ भरण्यास त्याहून पुष्कळ अवधी लागतो. दर आठवड्याला वरून पाहून नोंद ठेवावी. अंग भरल्यावरही तो तीन आठवडे वेगळाच ठेवावा, आणि त्याच्या टबाची जाळी व नळी दुसऱ्या टाकीत वापरू नये.