जुन्या नकाशातली आमची बाजारपेठ

मुंबईच्या कापडबाजारात जागेचा सौदा निघाला की जुन्या दस्तात 'लॉटन सर्व्हे नंबर' हमखास भेटतो. पुष्कळ व्यापारी बंधू तो नुसता आकडा समजून पुढे जातात. आम्हीही तेच करीत होतो. लॉटन हा इंग्रज फौजेतला कर्नल. १८६५ ते १८७२ या काळात त्याच्या देखरेखीखाली मुंबईची मोजणी झाली आणि गल्ल्या, घरे, तलाव कागदावर उतरले.

आम्हाला नकाशांची गोडी लागली ती नुकसानीतून. कामाठीपुऱ्याच्या बाजूला आम्ही एक गोदाम भाड्याने घेतले होते. जागा कोरडी असल्याची दलालाने हमी दिली. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या थराच्या सगळ्या गाठी भिजल्या. भिजलेला माल कोण घेतो? पुढे ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी मुंबईच्या जुन्या नकाशाची प्रत समोर ठेवली. त्यात कामाठीपुरा नाहीच! वरळीच्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरे आणि हा सखल भाग बुडून जाई. १७८० च्या दशकात हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, तेव्हा कुठे ही जमीन मोकळी झाली. पायधुणीचे नावही त्याच पाण्यामुळे पडले असे सांगतात. हा नकाशा आधी पाहिला असता तर त्या गोदामाकडे आम्ही फिरकलो नसतो.

आता आपल्या पेठेकडे वळू. जुन्या नकाशात कोट ठळक दिसतो. तट, खंदक आणि अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट हे तीन दरवाजे. १८०३ साली कोटात मोठी आग लागली. त्यानंतर देशी वस्ती तटाबाहेर भराभर वाढली. पण तोफांच्या माऱ्यासाठी तटासमोर मैदान मोकळे ठेवलेले, म्हणून घरे आणि दुकाने मैदानापलीकडे. शेख मेमन स्ट्रीट आणि आसपासचा बाजार तिथे का, याचे उत्तर त्या मोकळ्या पट्ट्यात आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात तट पाडला गेला, आणि १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले.

लॉटनच्या नकाशात मोहम्मद अली रोड मात्र शोधू नका. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि मग दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले गेले. किती गाळे त्यात गेले असतील, ते जुना नकाशा नव्यावर ठेवला की कळते.

तलावांचेही तसेच. धोबीतलाव, दोन टाकी यांची नावे उरली, पाणी गेले. जामा मशिदीचा हौज मात्र शाबूत आहे, कारण मशीदच त्या तलावावर कमानी घालून बांधली. तिचे तारीखी नाव 'जहाज-ए-आखिरत'. उर्दू शाळेत शिकलेला अबजदचा हिशेब आम्ही करून पाहिला : १२१७ हिजरी, म्हणजे इसवी सन १८०२. बरोबर जुळले.

भेंडीबाजारात २००९ साली जाहीर झालेल्या पुनर्विकासात सुमारे साडेसोळा एकरांतल्या गल्ल्यांचा तोंडवळाच बदलतो आहे. अशा वेळी आपला गाळा नेमका कुठे होता हे दाखवायला जुन्या कागदाशिवाय काय आहे? आमच्या मरहूम वालिदसाहेबांच्या पेटीत दस्तासोबत एक नकाशा निघाला, तोही खळ चढवलेल्या बारीक सुती कापडावर काढलेला. शेजारच्या दुकानातला तसाच नकाशा रद्दीत गेला, आणि आता हद्दीचा वाद निघाल्यावर ते भाऊ कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहेत.

घरात असा नकाशा असेल तर घडी घालू नका, नळीवर गुंडाळून ठेवा. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. एक प्रत काढून वकिलाकडे द्या. एशियाटिक सोसायटीतही जुन्या नकाशांचा संग्रह आहे. गोदाम घेण्यापूर्वी एक चक्कर तिथे मारावी.