'तरच' म्हटलं की बाण उलटा फिरतो

हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या हंगामात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ओलावा बाराच्या आत असेल तरच सीसीआय घेते." सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, आणि बारा म्हणजे बारा टक्के. ऐकणारा समजतो, बाराच्या आत असला की घेतातच. भाड्याची गाडी करून कापूस नेला आणि धागा आखूड भरला म्हणून परत आणावा लागला, तर नुकसान त्याचंच. सांगणारा चुकला नव्हता.

राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे. 'ओलावा 12 टक्क्यांपर्यंत आहे' याला 'प' म्हणू, 'सीसीआय कापूस घेते' याला 'क'. वरचं वाक्य प → क, म्हणजे 'प असेल तर क', असं लिहायचा मोह होतो. बरोबर उत्तर आहे क → प. खरेदी झाली म्हणजे ओलावा मर्यादेत होता, हे नक्की. ओलावा मर्यादेत आहे म्हणून खरेदी होईलच, असं हे वाक्य कुठंही म्हणत नाही. शिवाय 8 टक्क्यांच्या वर हमीभावातून कपात होते, ती वेगळीच.

बाण म्हणजे कारण, हाही गैरसमज. प → क एवढंच सांगतो की 'प' खरं आणि 'क' खोटं असं होणार नाही. "पाऊस आला तर मी बाजारात जाणार नाही" म्हणणारा कोरड्या दिवशीही घरी बसला, तरी त्यानं शब्द मोडलेला नाही. पुष्कळांना हे पटायला जड जातं.

चिन्हांतलं 'किंवा' दोन्ही गोष्टी चालवून घेतं. "आधार किंवा मतदार ओळखपत्र आणा" म्हटल्यावर दोन्ही आणणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही. 'चहा की कॉफी' मधला 'की' मात्र एकच निवडायला लावतो.

'पण' आणि 'आणि' यांना चिन्ह एकच. "भाव चढला, पण कापूस विकून झाला होता" यातली हळहळ चिन्हात मावत नाही. चिन्हांवरून वाक्य करताना ती प्रसंग ओळखून आपणच घालायची असते.

सगळ्यात फसवा असतो नकार. 'कापूस कोरडा आणि स्वच्छ आहे' याच्या उलट 'ओला आणि कचऱ्याचा' नव्हे, तर 'ओला किंवा कचऱ्याचा'. या नियमाला नाव आहे ऑगस्टस डी मॉर्गनचं. तो 1806 साली आपल्याकडेच, मदुराईला जन्मला. नकारातल्या 'किंवा' वरून दोष कोणता ते कळत नाही, म्हणून कापूस परत आला तर नेमकं काय नडलं, हे प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला विचारून घ्यावं. ओला कापूस वाळवून पुन्हा नेता येतो, आखूड धाग्याला तो उपाय नाही.