लॅब2-318

सबमिशनच्या आठवड्यात इंजिनीअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रिंटरपेक्षा त्याच्यासमोरची मुलंच जास्त तापलेली असतात. "सर, प्रिंट येतच नाहीये!" अशी हाक आली तरी कोपऱ्यातला लॅब असिस्टंट जागचा हलत नाही. समोरच्या काळ्या पडद्यावर तो 'एलपीक्यू' एवढंच टाइप करतो. पहिलीच ओळ येते: 'लॅब2' तयार नाही. खाली रांग: कोणाचा कितवा नंबर, फाइलचं नाव, आकार. त्यात एकाच मुलाच्या नावावर एकच फाइल सहा वेळा.

"किती वेळा दाबलंस?"

"दोनदाच, सर."

318 ते 323 हे नंबर मात्र वेगळं सांगतात. आता 'एलपीस्टॅट -पी'. प्रिंटर 'डिसेबल्ड', आणि केव्हापासून तेही. सकाळी कुणाच्या तरी पायाने केबल निघाली आणि छपाई अर्ध्यावर फसली. केबल लगेच बसवली गेली, पण इथल्या सेटिंगप्रमाणे छपाई फसली की यंत्रणा प्रिंटर थांबवते आणि कोणी सांगेपर्यंत सुरू करत नाही. नवी कामं मात्र घेत राहते. अर्ज घ्यायची खिडकी उघडी, साहेब रजेवर, असा हा प्रकार. माउसने 'प्रिंट' दाबणाऱ्याला फक्त खिडकी दिसते, म्हणून तो पुन्हा पुन्हा दाबतो.

असिस्टंट आधी 'कॅन्सल' वापरून 319 ते 323 ही पाच कामं काढतो आणि मगच 'कप्सएनेबल लॅब2' देतो. हा क्रम उलटला तर साठलेल्या सगळ्या प्रती धडाधड बाहेर येतात आणि कागदाचं रिम संपतं. विद्यार्थ्याला स्वतःचं काम स्वतः रद्द करता येतं, दुसऱ्याचं नाही. नाहीतर सबमिशनच्या दिवशी रांगेत पुढे सरकायची युक्ती कोणीतरी शोधलीच असती.

ही यंत्रणा म्हणजे 'कप्स'. मायकेल स्वीट यांनी ती लिहायला घेतली आणि 1999 मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आली. 2002 मध्ये ॲपलने ती मॅकमध्ये घेतली, 2007 मध्ये तिचा सोर्स कोडच विकत घेतला. लिनक्सवरही बहुतेक ठिकाणी तीच असते. फाइल छापायला तिच्यात दोन कमांड आहेत, 'एलपी' आणि 'एलपीआर'. एक एटी अँड टीच्या युनिक्समधली, दुसरी बर्कलीच्या. दोन्ही घराण्यांची सवय मोडायला नको म्हणून दोन्ही ठेवल्या. 'एलपी' म्हणजे लाइन प्रिंटर. 1959 मध्ये आलेला आयबीएमचा 1403 मिनिटाला 600 ओळी छापायचा. तसली धूडं गेली, आद्याक्षरं राहिली.

'एलपी'ला प्रतींची संख्या, कोणती पानं छापायची ते, पाठपोट छपाई असं बरंच काही सांगता येतं. 'क्यू'ने 1 ते 100 मधला अग्रक्रमही देता येतो. काही सांगितलं नाही तर 50. सगळ्यात फसवा 'एच'. त्याच्यापुढे वेळ दिली की काम तोवर थांबतं, पण ही वेळ ग्रीनिचच्या हिशेबाची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. संध्याकाळी सहाला छापायचं तर 12:30 लिहायचं. एकाने सरळ 18:00 लिहिलं. त्याचा साठ पानांचा रिपोर्ट रात्री साडेअकराला कुलूपबंद लॅबमध्ये छापला गेला आणि सकाळी झाडू मारणाऱ्या मावशींना ट्रेमध्ये सापडला.

छापून झालेली फाइलही लगेच पुसली जात नाही. कोणी सेटिंग बदललं नसेल तर ती सर्व्हरवर एक दिवस पडून असते. प्रश्नपत्रिका छापणाऱ्याने हे विसरू नये, पण आज त्याचा एका मुलीला फायदा होतो. तिच्या जर्नलच्या चौथ्या पानावर चहा सांडलाय आणि पेनड्राइव्ह होस्टेलवर राहिलाय. सकाळचा नंबर तिला आठवत नाही. असिस्टंट 'एलपीस्टॅट'ला पूर्ण झालेली कामं विचारतो आणि तिच्या नावापुढचा 312 शोधतो. मग 'एलपी -आय लॅब2-312 -एच रीस्टार्ट'. रोलर घरघरतो, पानं येऊ लागतात.

"सर, मला फक्त चौथंच हवं होतं."

"बाराच्या बारा येणार. उरलेली अकरा पाठकोरी आहेत, रफला घे."

318वाला अजून ट्रेवर नजर लावून उभा आहे.