श्वासाचें माप आणि वंशाची वजाबाकी

छातींत मावेल तेवढी हवा भरून घ्यावी आणि ती एका नळींतून जोरानें, अगदीं शेवटपर्यंत, बाहेर सोडावी. फुप्फुसांच्या परीक्षेंत रोग्यास करावें लागतें तें एवढेंच. एकंदर किती हवा बाहेर आली, व तींतील किती पहिल्या सेकंदांत आली, हें स्पायरोमीटर नांवाचें यंत्र सांगतें. परंतु तीन लिटर हवा निघाली, एवढ्यावरून मनुष्य निरोगी कीं रोगी हें ठरत नाहीं. त्याच्याच वयाच्या, उंचीच्या व लिंगाच्या निरोगी माणसाकडून किती हवेची अपेक्षा धरावी, हें सांगणारें कोष्टक त्यासाठीं लागतें. या कोष्टकांत वंश हा चौथा रकाना कसा शिरला, आणि तो गाळण्याचा निर्णय कां झाला, हें समजून घेण्यासारखें आहे.

जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्यानें १८४६ सालीं या यंत्रावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. खलाशी, पोलीस, आगीच्या बंबावरील लोक, छापखान्यांतील जुळारी अशा दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजून त्यानें दाखविलें कीं, उंची वाढते त्या मानानें श्वासाचें मापही वाढत जातें. हचिन्सनच्या यंत्रानें असें उंचीचें महत्त्व दाखविलें. पण अमेरिकेंत तेंच यंत्र निराळ्या कामाला लागलें. सॅम्युअल कार्टराइट हा दक्षिणेकडील वैद्य गुलामगिरीचा कैवारी होता. कृष्णवर्णीयांच्या फुप्फुसांत गोऱ्यांपेक्षां सुमारें २० टक्के हवा कमी मावते, असें प्रतिपादून १८५१ सालीं त्यानें निष्कर्ष काढला कीं, धन्याच्या सक्तीखालीं करावे लागणारे श्रम त्यांच्या प्रकृतीस हितकर आहेत! पुढें यादवी युद्धांतील शिपायांचीं मापें बेंजामिन गूल्ड यानें १८६९ सालीं छापलीं, त्यांतही कृष्णवर्णीयांचे आंकडे कमी आढळले. त्या शिपायांपैकीं पुष्कळजण नुकतेच गुलामगिरींतून सुटलेले होते. त्यांचें अन्न, वस्ती, लहानपणचे आजार यांचा विचार फारसा झाला नाहीं. फरक मात्र जन्मजात मानला गेला.

विसाव्या शतकांत या समजुतीला गणिताचें रूप आलें. कृष्णवर्णीयांसाठीं अपेक्षित माप १० ते १५ टक्क्यांनीं व आशियाई लोकांसाठीं ४ ते ६ टक्क्यांनीं उतरविण्याची वहिवाट पडली. तिचा परिणाम एका उदाहरणानें ध्यानांत येईल. एखाद्याचें अपेक्षित माप ४ लिटर आहे व त्यानें ३.१ लिटर हवा सोडली, असें समजूं. हें माप साडेसत्त्याहत्तर टक्के झालें. ८० टक्क्यांची रूढ मर्यादा धरली, तर त्याच्या फुप्फुसांत दोष आहे. आतां वंशाच्या नांवानें अपेक्षा १५ टक्क्यांनीं उतरवून ३.४ लिटर करा. तोच श्वास एकदम ९१ टक्क्यांवर जातो आणि मनुष्य निरोगी ठरतो! हा भेद केवळ कागदी नव्हे. १९९९ सालीं बाल्टिमोर येथें अ‍ॅस्बेस्टॉसच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत प्रतिवादी कंपनीनें असाच युक्तिवाद केला. तो मान्य झाला असतां कृष्णवर्णीय कामगारांना दाव्यास पात्र होण्यासाठीं गोऱ्यांहून अधिक विकार सिद्ध करावा लागला असता.

निरनिराळ्या समाजांच्या सरासरींत अंतर आढळतें, हें नाकारण्याचें कारण नाहीं. धड व पाय यांच्या लांबीच्या प्रमाणानें त्याचा कांहीं अंश उलगडतो. परंतु दारिद्र्य, दूषित हवा आणि बालपणचे श्वसनविकार यांनींही फुप्फुसांची वाढ खुंटते. ज्या समाजाची फुप्फुसें परिस्थितीनें खंगलीं आहेत, त्याची तुलना त्याच्याच सरासरीशीं केली, तर ती हानिच ‘स्वाभाविक’ ठरते आणि तिचें निवारण करण्याची कोणाला आठवणही उरत नाहीं. शिवाय रोग्याचा वंश ठरविणार कोण? कधीं रोगी स्वतः सांगतो, तर कधीं परीक्षा घेणारा त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतो.

२०१२ सालच्या आंतरराष्ट्रीय समीकरणांत गौरवर्णीय, कृष्णवर्णीय, ईशान्य आशियाई व आग्नेय आशियाई असे चार गट होते आणि पांचवा ‘इतर’. भारतीय उपखंडाला स्वतंत्र स्थान नव्हतें. पुढें वंशनिरपेक्ष समीकरणें तयार झालीं, आणि तींच वापरावीं अशी शिफारस अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें २०२३ सालीं केली. या बदलानें अमेरिकेंतील सुमारें १ कोटि २५ लक्ष लोकांच्या श्वसनदोषाचा निर्णय बदलूं शकेल, असा अंदाज २०२४ सालीं प्रसिद्ध झाला.

तथापि या बदलानें सर्वांचें सारखेंच कल्याण होतें, असें नाहीं. ज्या कृष्णवर्णीयाचा आजार पूर्वीं दडून राही त्याला आतां उपचार व भरपाई मिळूं शकेल. पण त्याच आंकड्यामुळें आगीच्या बंबावरील नोकरी हुकण्याचा किंवा आवश्यक शस्त्रक्रिया नाकारली जाण्याचाही संभव आहे. उलट कांहीं गोऱ्यांची भरपाई घटेल. यास्तव एका टक्केवारीवर सर्व भार न टाकतां रोग्याचीं लक्षणें, त्याचा धंदा आणि त्याचें पूर्वींचें माप हीं एकत्र विचारांत घेणें इष्ट होय. पूर्वींच्या मापाशीं तुलना करतांना मात्र दोन्ही वेळां कोष्टक एकच होतें ना, हें आधीं पाहावें. नाहींतर फुप्फुसें होतीं तशींच राहून केवळ कोष्टक बदलल्यानें सुधारणा किंवा ऱ्हास झाल्याचा भास होईल.