पाऊण डेसिबलचा फरक

(उतारवय आणि कान : लेखांक ५)

मागच्या लेखांकात श्रवणयंत्रांच्या किमतींची चर्चा झाली. त्यावर आलेल्या पत्रांत खर्चाबद्दल कमी आणि खाण्याबद्दल जास्त विचारणा आहे. कानासाठी बदाम चांगले की अक्रोड, तूप सोडायचं का, 'कानाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या' म्हणून मिळतात त्या घ्याव्यात का? आपल्याकडे प्रत्येक दुखण्याला पथ्य असतं, तेव्हा कानालाही असणारच असं आपण धरून चालतो.

त्यासाठी आधी कान जेवतो कसा ते पाहू. आतल्या कानातल्या वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. वय वाढतं तशा त्या मरतात आणि माणसात पुन्हा तयार होत नाहीत. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून आजोबांना बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. 'सात' म्हटलेलं 'हात' वाटतं. या पेशींचं काम चालावं म्हणून कॉक्लियातल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब अखंड राखावा लागतो. तो राखणारा पेशींचा पट्टा रक्तावर विलक्षण अवलंबून असतो. आणि रक्त येतं एकाच बारीक धमनीतून, तीही बंद पडली तर पर्यायी वाट नाही. कालव्याच्या टोकाला असलेल्या शेताची जी गत, तीच इथे: वर कुठेही पाणी अडलं की पहिली झळ टोकाला.

त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांचा कानाशी संबंध निघतो यात नवल नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेह असलेल्यांत श्रवणदोषाचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलं. सिडनीच्या पश्चिमेकडच्या ब्लू माउंटन्स भागात पन्नाशीपुढच्या लोकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. तिथे आठवड्यातून दोनदा किंवा अधिक मासे खाणाऱ्यांत ऐकणं कमी होण्याची शक्यता कमी दिसली, आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारा आहार घेणाऱ्यांत जास्त. कोकणातले वाचक बांगड्याच्या बाजूने हा पुरावा सादर करतील. माझी हरकत नाही. पण आठवड्याला दोनदा मासे खाणारा माणूस कदाचित चालतोही जास्त, सिगारेटही ओढत नाही. नुसत्या निरीक्षणातून यातलं श्रेय कुणाचं हे सुटं करता येत नाही.

ते सुटं करायचं तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. कानाच्या बाबतीत असा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला, म्हणून त्यावर जरा थांबू. जेन दुर्गा आणि सहकाऱ्यांनी ५० ते ७० वयाचे ७२८ स्त्री-पुरुष निवडले. निम्म्यांना तीन वर्षं रोज ८०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी गोळी घेणाऱ्यांचं ऐकणं तीन वर्षांत १ डेसिबलने घसरलं, इतरांचं १.७ डेसिबलने. फरक ०.७ चा. उंच पट्टीत, म्हणजे म्हातारपणी जिथे खरा घोळ होतो तिथे, फरक काहीच नाही.

तपासणीच्या खोलीत हेडफोन लावून आवाज वाढवत नेतात तो पाच-पाच डेसिबलच्या पायऱ्यांनी. पाऊण डेसिबल एका माणसाच्या आलेखात दिसणारही नाही. तरी मला हा प्रयोग निकामी वाटत नाही. जे घडलं ते गोळीमुळेच, एवढं तरी तो सांगतो. शिवाय ही माणसं मुद्दाम निवडलेली होती: त्यांच्या रक्तात होमोसिस्टीन (फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी पडलं की वाढणारा घटक) वाढलेलं होतं, आणि त्या देशात अमेरिकेसारखं पिठात फॉलिक ॲसिड मिसळत नव्हते. म्हणजे कमतरता होती, ती भरून काढली आणि थोडा फायदा झाला. ज्याच्याकडे मुळात कमी नाही, त्याला जास्तीचं देऊन काय मिळेल? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत दिवसाला १००० मिलिग्रॅम किंवा अधिक 'सी' व्हिटॅमिन घेणाऱ्या बायकांत श्रवणदोष उलट किंचित जास्तच आढळला. हेही निरीक्षणच, पण गोळ्यांची बाटली विकत घेण्याआधी आठवावं असं.

आपल्याकडे कमतरता वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांच्या. फोलेटची (फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) उणीव मात्र फारशी नव्हती. होमोसिस्टीन इथेही वाढलेलं, फक्त वाट निराळी. आता यावरून पुणेकरांचे कान बी-१२ मुळे गेले असं कुणी म्हणू नये. त्या पाहणीत कान तपासलेच नव्हते. पण डच गोळी जशीच्या तशी इथे आणण्यात अर्थ नाही, हे यातून कळतं. मेथी, पालक, मटकी फोलेट देतात, बी-१२ देत नाहीत. ते दूध-दह्यातून थोडं मिळतं, अंडी, मासे, मटण यांतून जास्त.

बी-१२ कमी करणारी गोळ्यांची एक जोडीही आहे आणि ती अनेक घरांत असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोज सकाळी एक गोळी. दोन्ही वर्षानुवर्षं चालू राहिल्या की अन्नातलं बी-१२ अंगी लागणं कमी होतं. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी पुढच्या वेळी साखरेच्या तपासणीबरोबर बी-१२ ही तपासावं का, हे डॉक्टरांना विचारावं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि कमी ऐकू येत असेल तर आहार बदलून महिनाभर वाट पाहण्याऐवजी आधी कान तपासून ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) काढून घ्यावा. बऱ्याचदा कानात नुसता मळ साचलेला असतो.

(पुढील लेखांक : कानात सतत येणारा आवाज)