औषध टीबीचं, आजार दुसराच

महिना-दीड महिना न हटणारा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन आणि छातीच्या फोटोत डाग. एवढं जुळून आलं की गावातल्या दवाखान्यापासून तालुक्याच्या नर्सिंग होमपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, टीबी. त्यात चूक काही नाही. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे, तेव्हा डॉक्टरांना पहिली शंका त्याचीच यायला हवी. अडचण पुढे सुरू होते. बेडक्यात जंतू सापडलेले नसताना नुसत्या फोटोवरून गोळ्या चालू होतात. दोन महिने जातात, खोकला तसाच. ‘कोर्स पूर्ण होऊ द्या’ म्हणत आणखी दोन-तीन महिने जातात आणि मग कधीतरी सीटी स्कॅन होतो. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाची फाईल उघडावी आणि पहिल्याच पानांत टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठी निघावी, हे कॅन्सर रुग्णालयांत नेहमी दिसतं.

भारतात दरवर्षी सुमारे ८० हजार लोकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान होतं आणि त्यातले बहुतेक तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असतात. सगळा दोष टीबीच्या गोळ्यांचा नाही, हा आजार मुळातच बराच काळ गप्प राहतो. पण जे महिने हातचे जातात ते वाचवता येण्यासारखे आहेत आणि त्यासाठी रुग्णाच्या घरच्यांना दोन-तीन प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ आहे.

टीबीच्या औषधांना जंतू दाद देऊ लागले की काही आठवड्यांत फरक कळतो. ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढायला लागतं. महिना-दोन महिने नीट गोळ्या घेऊनही यातलं काही झालं नाही, उलट वजन घटतच राहिलं, तर डॉक्टरांना सरळ विचारावं. बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली होती का? तिच्यात जंतू मिळाले होते का? मिळाले नसतील तर सीटी करायचा का, तुकडा तपासायला पाठवायचा का? यातून कधी कॅन्सर निघेल, कधी औषधांना न जुमानणारा टीबी निघेल, आणि दोन्ही कळायलाच हवेत. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. एकाच माणसाला टीबी आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात, आणि जुन्या टीबीने व्रण पडलेल्या फुप्फुसात कॅन्सरचा धोका थोडा जास्तच असतो.

छातीत पाणी होतं तेव्हाही हाच घोळ होतो. बरगड्यांच्या मधून सुई घालून पाणी काढलं की रुग्णाला लगेच मोकळं वाटतं, चार दिवसांनी तो घरी जातो. टीबीचं पाणी बहुधा गवती पिवळं असतं. कॅन्सरचं पुष्कळदा लालसर येतं आणि काढलं तरी पुन्हा भरतं. हा नियम पक्का नाही, म्हणून ते पाणी पेशींच्या तपासणीला गेलंच पाहिजे. बाटलीभर पाणी निघालेलं असताना त्यातलं चमचाभर साखर-प्रोटीन पाहण्यापुरतं लॅबमध्ये जातं आणि बाकीचं मोरीत ओतलं जातं, याची मला फार चीड येते. त्याच पाण्यातल्या पेशी गोळा करून आजाराचा प्रकार ठरवता येतो, पुढे जनुकांची तपासणीसुद्धा करता येते. एकदा अहवालात पेशी मिळाल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही असंही ठरत नाही.

लक्षणांबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात वेदना असते. ‘दुखत तर काहीच नाही हो’, हे वाक्य ठरलेलं. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही, त्यामुळे गाठ लिंबाएवढी होईपर्यंत माणूस शेतात राबत असतो, लोकलने ये-जा करत असतो. दुखायला लागतं ते बाहेरच्या आवरणापर्यंत, बरगडीपर्यंत आजार पोचल्यावर. गाठ अगदी वरच्या टोकाला असली तर खांदा आणि हात दुखतो, आणि रुग्ण फ्रोजन शोल्डर समजून महिनोन् महिने शेकत बसतो. आवाजाच्या नसेवर दाब आला तर घसा बसतो, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या. मोठी शीर दाबली गेली की सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली दिसते. काहींच्या बोटांची टोकं फुगीर होतात, नखं घुमटासारखी वळतात. कधी आजार पहिल्यांदा उमगतो तोच फिट आल्यावर किंवा मणक्याच्या दुखण्यातून.

थुंकीतून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त खोकला, विडी ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला अचानक बदलणं, कारण नसताना वजन उतरणं, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. यातलं काहीही असलं तर छातीचा फोटो काढावा, आणि फोटो स्वच्छ आला तरी त्रास चालू असेल तर सीटीचा विचार व्हावा, कारण हृदयाच्या मागे किंवा हाडांच्या सावलीत लपलेली गाठ साध्या एक्स-रेत सुटते. खोकणाऱ्या शंभर माणसांतल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो हेही तितकंच खरं. घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही, पण तपासणी पुढे ढकलू नये.

‘पण ह्यांनी आयुष्यात विडी-सिगारेट हातात धरली नाही’, असं बायको किंवा मुलगी सांगते तेव्हा तिच्या आवाजात अन्याय झाल्याची भावना असते. ती समजण्यासारखी आहे. धूम्रपान हे या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आहे, १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ते आकड्यांनिशी दाखवलं. विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, हा समज खोटा आहे. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. तरीही आपल्याकडच्या रुग्णांत कधीच न ओढलेल्यांचा वाटा मोठा आहे, विशेषतः बायकांत. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, बंद स्वयंपाकघरातला चुलीचा धूर, डिझेलचा धूर, अॅस्बेस्टॉस. शहरांतल्या दूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली कॅन्सरकारक ठरवलं. काहींच्या बाबतीत यातलं एकही कारण हाती लागत नाही. म्हणून आजारी माणसाला, तो ओढणारा असो की नसो, ‘तूच ओढवून घेतलंस’ असं ऐकवू नये. निदानानंतर सिगारेट सोडण्याचा उपयोग होतो, ऑपरेशन आणि किमो दोन्ही जास्त चांगले झेपतात. ज्यांना आजार नाही त्यांनी सोडली तर साधारण दहा वर्षांत या कॅन्सरचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, निम्म्यावर येतो. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक सोडू इच्छिणाऱ्यांना मोफत मदत देण्यासाठीच आहे.

आता आधीच तपासून घेण्याचा प्रश्न. वर्षाच्या ‘फुल बॉडी चेकअप’मधला छातीचा एक्स-रे या कामाचा नाही. दरवर्षी एक्स-रे काढल्याने या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. पॅकेजमधल्या रक्ताच्या ‘मार्कर’ तपासण्याही निरोगी माणसात हा आजार शोधू शकत नाहीत. उपयोग होतो तो कमी डोसच्या सीटी स्कॅनचा. अमेरिकेत दीर्घकाळ सिगारेट ओढलेल्या ५३ हजारांहून जास्त माणसांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. वर्षातून एकदा असा तीनदा सीटी केलेल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक्स-रेच्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. आज तिथे ५० ते ८० वयाच्या आणि रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं ओढलेल्या लोकांना ही तपासणी सुचवली जाते. ओढणं सोडून पंधरा वर्षं झाली असतील तर नाही.

याच अभ्यासाचा दुसरा आकडा जाहिरातीत येत नाही. सीटीत काहीतरी संशयास्पद दिसलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांना कॅन्सर नव्हता. आपल्याकडे तर कितीतरी छात्यांत जुन्या टीबीचे व्रण आणि गाठी सापडतील, मग पुढचे स्कॅन, सुया आणि झोप उडालेली घरं. पीईटी स्कॅननेही हा पेच दर वेळी सुटत नाही, कारण टीबीची गाठसुद्धा त्यात कॅन्सरसारखीच उजळते. भारतात या कॅन्सरसाठी राष्ट्रीय पातळीवरची तपासणी मोहीम नाही. सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची होते. माझं मत असं की पन्नाशी ओलांडलेल्या आणि दीर्घकाळ भरपूर ओढलेल्या माणसाने छातीच्या डॉक्टरांशी बोलून हा सीटी जरूर करावा, आणि कधी न ओढलेल्या, काही त्रास नसलेल्या माणसाने शेजाऱ्याने केला म्हणून करू नये.

सीटीत गाठ दिसली की घरात वाद पेटतो तो बायोप्सीवरून. ‘सुई लावली की पसरतं, कॅन्सरला हात लावू नये’, असं सांगणारे एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतात. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याची शक्यता अगदी नगण्य आहे. लोकांना तसं वाटतं कारण बायोप्सी होते तेव्हाच आजार पुढे गेलेला असतो आणि त्यानंतरची घसरण सुईच्या माथी मारली जाते. तुकड्याशिवाय उपचारच ठरत नाहीत. साधारण ८५ टक्के रुग्णांत ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकार असतो, उरलेल्यांत ‘स्मॉल सेल’, आणि दोन्हींची औषधं वेगळी.

काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. काडेपेटीपेक्षा लहान, नंबर घातलेल्या प्लास्टिकच्या चौकटीतला तो पांढरट ठोकळा म्हणजे ‘ब्लॉक’. तो रुग्णाचा असतो. दुसऱ्या रुग्णालयात जाताना लोक रिपोर्टांच्या झेरॉक्स आणि फिल्मची पिशवी नेतात आणि ब्लॉक लॅबमध्येच राहतो. मग परळच्या टाटा रुग्णालयात ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ म्हटलं की जळगाव किंवा लातूरची एक फेरी वाढते. पहिल्याच वेळी सही करून तो मागून घ्यावा.

या ब्लॉकमधूनच ईजीएफआर, एएलके अशा जनुकांतल्या बदलांची तपासणी होते. अहवालाला दहा-पंधरा दिवस लागतात आणि ते दिवस घरच्यांना खायला उठतात. रुग्णाची तब्येत थांबू देत असेल तर हे थांबणं फायद्याचं असतं. भारतातल्या फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमा या ‘नॉन-स्मॉल सेल’मधल्या प्रकाराच्या साधारण चारांतल्या एका रुग्णात ईजीएफआरमधला बदल सापडतो, न ओढणाऱ्यांत जास्त, आणि त्यांच्यासाठी गोळ्या आहेत. गेफिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या आता मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आल्या आहेत. टाटा रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी अशा ३५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या गेफिटिनिबने आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, सोबत किमो दिल्यावर १६ महिने. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. ‘गोळी मिळाली, म्हणजे किमो टळली’ असं मानणाऱ्यांनी डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावं.

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात ऑपरेशन होतं. ‘फुप्फुस काढल्यावर श्वास कसा घ्यायचा?’ ही भीती स्वाभाविक आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन कप्पे असतात, डाव्याचे दोन, आणि बहुतेक वेळा त्यातला एकच कप्पा काढतात. ऑपरेशनआधी फुंकण्याची तपासणी करून, जिने चढवून बघून झेपेल का ते ठरतं. न झेपणाऱ्यांच्या लहान गाठीवर अचूक रोखलेलं रेडिएशन देता येतं. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या इम्युनोथेरपीबद्दल सगळेच विचारतात. काहींना तिचा चांगला उपयोग होतो, पण खर्च लाखांच्या घरात जातो. शेत विकण्याआधी, आपल्या रुग्णाच्या तुकड्याचा अहवाल पाहता तिचा किती फायदा अपेक्षित आहे, हे आकड्यात विचारावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन बसतात, त्यामुळे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावं. मुंबईत राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत होऊ शकते.

एक गोष्ट मात्र औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. केबिनच्या दारातच मुलगा डॉक्टरांना गाठतो, ‘साहेब, अण्णांना काही सांगू नका. छातीत इन्फेक्शन आहे एवढंच म्हणा.’ हे प्रेमापोटीच असतं. पण अण्णा बाकावर बसलेले असतात आणि समोरच्या पाटीवर कॅन्सर असं लिहिलेलं असतं. त्यांना कळलेलं असतं, ते मुलासाठी गप्प बसतात आणि मुलगा त्यांच्यासाठी. मग बँकेतली सही, शेताचा सात-बारा, लांबच्या मुलीला बोलावून घेणं, सगळं राहून जातं. अण्णांना किती जाणून घ्यायचंय ते अण्णांनाच विचारावं. ‘मला नको सांगू, तूच बघ’ असं म्हणायचाही त्यांना हक्क आहे.

आजाराचा त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाचं नाव काढलं की नातेवाइकांना सगळं संपल्यासारखं वाटतं. बॉस्टनमध्ये चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांची उमेद जास्त टिकली, आणि ते सरासरी ११.६ महिने जगले, इतर ८.९ महिने. धाप लागणं, वेदना, झोप न येणं हे सगळं या विभागाच्या कामात येतं. तोंडासमोर धरलेल्या छोट्या पंख्यानेही धाप कमी वाटते, ते हे लोक शिकवतात. मॉर्फिनच्या गोळीला घाबरायचं कारण नाही, योग्य प्रमाणात दिलेली ती वेदना आणि धाप दोन्ही कमी करते, आणि तिच्यामुळे मरण लवकर येत नाही. तिच्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्यावं. बद्धकोष्ठ हमखास होतो आणि बरेच रुग्ण त्याच त्रासापायी गोळी सोडून पुन्हा दुखणं सोसत राहतात.